गिटारची घूं घूं थांबली ती दिशा

काल घरी गिटार जोडली आणि स्पीकरमधून तीच जुनी घूं घूं आली. मी मनाने थेट काही वर्षांपूर्वीच्या आर्णीला, मित्राच्या लग्नात पोचलो. मांडवभर ट्यूबलाइट, तळणाचा वास आणि भुंग्यासारखी घुमणारी माझी गिटार. वायर बदलूनही फरक पडेना. ढोलकीवाले सलीमभाई म्हणाले, "गिटार ट्यूबलाइटची घूं घूं पकडून राह्यली. उभ्या उभ्या फिरून पाह्य ना बे. आवाज मरन तिथं थांब."

मी हळूहळू फिरलो. आवाज थांबला तेव्हा पाहुण्यांकडे माझी पाठ होती. समोर पुऱ्या लाटणारी एक पोरगी हसत होती. "लोकं तिकडे हायेत, इकडे काहून वाजवून राह्यले?"

मी सगळी गाणी तिकडेच तोंड करून वाजवली.

काल घूं घूं ऐकून ती स्वयंपाकघरातून ओरडली, "इकडे तोंड करा ना!"