गॅरंटीचा ससा

"मिलिटरी गॅरंटी!" असं म्हणून हवालदार मिशीवरून उलटा हात फिरवायचे. त्यानंतर कुणी काही विचारायचं नाही, असा त्याचा अर्थ असायचा. आज पाऊस येणार का, दारातली पपई नर की मादी, समोरच्या सुनेला मुलगा होणार की मुलगी, सगळ्यावर एकच शिक्का. आणि गॅरंटी चुकली तर? चुकली तर तसं ते कधी बोललेच नव्हते. तुमच्याही आळीत असा एखादा असेलच. नसेल तर देवाचे आभार माना.

सत्तरनंतरची ती वर्षं. सांगलीत विश्रामबागेत बैठ्या खोल्यांची एक ओळ होती, पुढे सामाईक अंगण, अंगणात एक नळ. मी कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि त्या ओळीत एकटीच राहायचे. शेजारच्या खोलीत हे हवालदार आणि त्यांच्या मंडळी, म्हणजे काकू. हवालदार पेन्शनीत निघालेले, गाव कऱ्हाडच्या अलीकडे कुठेतरी, थोडा ऊस भावाकडे. ते खेचरांच्या पलटणीत होते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळलं. त्यानंतर रोजच कळत राहिलं.

"आवं बाई, आमच्या पलटणीत हिमालयावर खेचरं चढायची. जनावराचं मन आमाला इचारा."

विचारायला लोक येतही होते, हीच तर गंमत. गवळ्याची एक म्हैस पोट फुगून आडवी झाली होती. हवालदारांनी तिला उठवली आणि "लेफ्ट राइट, लेफ्ट राइट" करत पार रेल्वे फाटकापर्यंत परेड करवली. वाटेत म्हशीचा वारा सरला. सरणारच होता! पण त्या दिवसापासून हवालदार आमच्या भागाचे बिनपगारी जनावरांचे डॉक्टर झाले. कुत्र्याला खरूज झाली, हवालदार. शेळी चारा खाईना, हवालदार. त्या शेळीला त्यांनी कॅन्टीनची रम पाजली. शेळी दिवसभर झिंगून भिंतीला टेकून उभी होती आणि हे मोठ्या तोरात सांगत होते, "आता बघा, लय भूक लागंल तिला."

मी हसायचे. तोवर त्यांच्या अकलेचे दिवे माझ्या घरात लागले नव्हते.

माझ्याकडे चिंगी होती. चिंगी म्हणजे आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतली पांढरी ससी. शिपायाच्या हातून पिंजरा टेबलावरून खाली पडला आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. आता ही काय कामाची, टाकून द्या, असं ठरलं. मी तिला भाजीच्या पिशवीत घालून घरी आणली. जगली. मागचा एक पाय ओढत चालायची, पण मी ऑफिसातून आले की दारापर्यंत यायची. एकट्या बाईच्या घरी दारापर्यंत येणारं कुणी असलं की काय वाटतं, ते मी सांगत बसत नाही.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासून एकच गोष्ट बजावली होती. "हाड वाकडं जुळलंय. हिला नराजवळ सोडू नका. गाभण राहिली तर पिल्लं बाहेर यायला वाट नाही, मरेल."

हे सगळ्या ओळीला माहीत होतं. हवालदारांना तर माझ्याच तोंडून माहीत होतं.

आणि एप्रिलात हवालदार कोयनानगरहून एक ससा घेऊन आले. तिथे धरणाच्या कॉलनीत त्यांची मुलगी-जावई राहायचे. कुणा साहेबाची बदली झाली, साहेबाने सामान नेलं आणि ससा रिकाम्या क्वार्टरात ठेवून गेला. हवालदारांनी तो धोतराच्या पानात गुंडाळून एसटीने, घाटातल्या वळणावळणांतून, मांडीवर बसवून आणला. करडा, गुबगुबीत. नावही त्यांनीच ठेवलं होतं, मेजर. पण काकूंनी दारातच कंबरेवर हात ठेवले. "ह्यो घरात आला तर मी शिराळ्याला म्हायेरी जाती." झालं! मेजरची स्वारी माझ्या दारात.

"ठिवून घ्या बाई. तुमच्या चिंगीला सोबत हुईल."

"अहो हवालदार, नर आहे ना तो?"

"नर न्हाई. खच्ची केलेला हाय. सायेब लोक तसंच करून पाळत्यात."

"साहेबाने तुम्हाला सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? मी बघतो की!"

मग जो सोहळा झाला, तो तुम्ही बघायला हवा होता. अंगणात पोतं अंथरलं. हवालदारांनी हात धुतले, बाह्या वर केल्या. ओळीतल्या बायका पोळपाट तसेच टाकून बाहेर आल्या. हवालदारांनी आधी सशाची मान चाचपली. खोंड खच्ची केला की त्याच्या मानेचा माज उतरतो, हे त्यांनी जमलेल्या मंडळींना समजावून सांगितलं. मग नाकात फुंकर मारली. मग कानाला चिमटा काढला. ससा हलला नाही. डोळे मोठे, अंग दगड. मग त्याला चक्क उताणा केला, पोटाखाली दोन बोटं फिरवली आणि हात झटकले.

"काय बी न्हाई. साफ हाय. आन् बघा की कसा गप ऱ्हायलाय! माजाचा नर आसता तर उसळला नसता व्हय? बैलाचं बघा, खच्ची केला की कुनी बी हात लावा. मिलिटरी गॅरंटी!"

बायकांनी माना डोलावल्या. अहो, पंधरा माणसं भोवती, नाकात फुंकर, पाय आभाळाकडे! तो भीतीने गोठला होता बिचारा. हे कळायला पलटण लागत नाही. पण बैल बघून ससा ओळखणाऱ्याला सांगणार कोण? मी म्हटलं, "डॉक्टर येऊ देत. तोवर दोघं वेगळी राहतील." डॉक्टर तेव्हा शिराळ्याकडे गावोगाव जनावरांना लस टोचत फिरत होते.

हवालदारांच्या मिशा खाली आल्या. "म्हंजे आमच्यावर इस्वास न्हाई तुमचा."

"नाही," मी म्हटलं. तोंडावर म्हटलं.

पण इज्जतीचा प्रश्न झाला ना! दोन दिवसांनी मी ऑफिसातून घरी आले तर अंगणात चिंगीचं खोकं, त्याच खोक्यात मेजर, आणि बाजूला खुर्ची टाकून हवालदार बसलेले, लेकीचं लग्न लावून दमलेल्या बापासारखे. काकूंकडे माझी किल्ली असायची, ती घेऊन त्यांनी चिंगीला बाहेर काढलं होतं. "सकाळधरनं एका जागी हायत. बघा, भाऊ-भन!"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. काय बोलले ते सगळं आठवत नाही. "अक्कल गहाण टाकली आहे का तुम्ही" इतकं आठवतं. मेजरला उचलून मी मोरीत वेगळा ठेवला. हवालदार "येवढं काय त्यात" म्हणत खुर्ची उचलून गेले.

पंधरा दिवसांनी डॉक्टर परत आल्यावर मी दोघांना टोपलीत घालून नेलं. मागोमाग, बोलावलं नसताना, हवालदारही आले. आपला निकाल कायम होतोय हे त्यांना ऐकायचं होतं. डॉक्टरांनी मेजरला मांडीवर घेतलं आणि काहीच केलं नाही. नुसतं कपाळावरून हात फिरवत राहिले, माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिले. ससा सैल पडला, पाय पसरले, तेव्हा त्यांनी त्याचं खालचं पोट अलगद मागच्या बाजूला दाबलं.

"हे बघा. दोन्ही आहेत. घाबरला की ससा वर पोटात ओढून घेतो, मग हाताला लागत नाहीत. आणि खच्ची केला असता तर कातडीवर व्रण असता. इथे काही नाही. हा पुरता नर आहे."

मग त्यांनी चिंगीच्या पोटावर बोटं ठेवली. पुन्हा एकदा हळूच चाचपून पाहिलं. मला तिथेच कळलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता काही करता येत नाही. दिवस भरले की मला बोलवा."

हवालदारांनी खाकरून सुरुवात केली, "आमच्या पलटणीत खेचरांचं—"

"खेचरांना पिल्लं होतच नाहीत, हवालदार," डॉक्टर म्हणाले. हवालदार टोपी घालून बाहेर पडले.

त्याच संध्याकाळी काकू नळावर माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? आमचं मालक खेचराला हात लावायचं न्हाईत कवा. लंगरवर व्हते. सैंपाकघरात. पलटणीच्या चपात्या भाजायचे."

चपात्या! म्हणजे गवळ्याची म्हैस, ती झिंगलेली शेळी, आणि माझी चिंगी, सगळी एका आचाऱ्याच्या भरवशावर. मला हसू आलं, आणि लगेच इतका संताप आला की बादली तिथेच टाकून मी घरात गेले. त्यानंतर हवालदार नळाकडे फिरकेनात. मागच्या बोळातून ये-जा करू लागले. मला वाटलं, बरं झालं, तोंड नको दिसायला.

मेच्या ऐन उन्हाळ्यात चिंगीने पोटावरचे केस उपटून घरटं केलं. किती मऊ केलं होतं! डॉक्टर सायकलवरून आले, बाह्या वर करून माझ्या मोरीत बसले. पिल्लं अडकली होती. एकेक काढलं, मेलेलं. शेवटचं तेवढं हललं, बोटाएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं. दुपारी चिंगी गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

वर बघितलं तर दारात हवालदार. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"चालते व्हा," मी म्हणाले.

ते गेले नाहीत. डॉक्टर पिल्लू पुसत होते. म्हणाले, "याला ऊब पाहिजे. कुणीतरी अंगाशी धरून ठेवायला पाहिजे सारखं." मी चिंगीचं डोकं सोडलं नाही. हवालदारांनी शर्टाची बटणं काढली, आत हात घालून जागा केली आणि ओंजळ पुढे केली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं.

मग आमच्या ओळीला नवीनच तमाशा मिळाला. सांगलीचा मे महिना, डांबर वितळतंय, आणि हवालदार मिलिटरीचा लोकरी ओव्हरकोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून ओट्यावर बसलेले. घामाच्या धारा. "हवालदार, हिमालय लागला व्हय?" असं कुणी विचारलं की ते कोटाचं वरचं बटण चाचपायचे. सकाळी ते चालत जाऊन शेळीचं दूध आणायचे आणि कापसाच्या वातीने थेंब थेंब पाजायचे. त्यात मात्र त्यांचा हात अगदी नेमका चालायचा, हे मी खिडकीतून पाहिलं होतं. काकू कोटावरूनच पंख्याने वारा घालायच्या. शिराळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

माझ्या मनात तो माणूस मूर्ख होता, आणि आजही मी ते शब्द मागे घेत नाही. त्याच्या फुशारकीने माझी चिंगी नेली. पुढच्या वर्षी ते दोघं मुलीकडे कोयनानगरला राहायला गेले, आणि हवालदार तिकडेच वारल्याचं मला एसटी स्टँडवर कुणीतरी सांगितलं. मेजर माझ्याकडेच राहिला, एकटा, पुष्कळ वर्षं.

पण हवालदार म्हटलं की मला त्या उन्हाळ्यातली एकच सकाळ दिसते. मी ऑफिसला निघाले होते, कुलूप हातात होतं. ते माझ्या पायरीशी आले. दाढी वाढलेली, मिशा खाली ओघळलेल्या. कोटाची बटणं काढून त्यांनी छाती उघडी केली.

"बाई, जरा बघा वं. ह्ये हाय का गेलं, मला कळंना झालंय."

मी बोट लावलं. पिल्लू ऊबदार होतं. पण मान लटकत होती, आणि बोटाखाली काही हलत नव्हतं.

"गेलंय, हवालदार."

"पन ऊन लागतंय की अंग!"

"ती तुमची ऊब आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक करून सगळी बटणं परत लावली, गळ्यापर्यंत, आणि पोटाशी दोन्ही हात धरून माझ्या पायरीवर बसले. "आसू द्या," म्हणाले. "आजचा दीस आसू द्या."

मी ऑफिसला गेले नाही. कुलूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.