एक वेढा जास्तीचा

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात लिंबाच्या खोडाला पाठ टेकून भामाबाई आपला ढीग मांडून बसायची. दावी, कासरे, म्होरक्या, बैलांना जुवाशी बांधायची जुपणी, दुधातुपाची शिंकी, सगळं वाखाचं. वाख म्हणजे घायपाताच्या पानातला धागा. पानं भिजवायची, झोडपायची, धागा वाळवायचा आणि मग वळायचा, हा सारा उद्योग तिच्या घरचा. माल खपावा म्हणून ती कधी ओरडली नाही. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायची, "काय बांदायचंय?" बैल म्हटलं की एक दोर, शेळी म्हटलं की दुसरा. कोणी म्हणालं, "तुला काय करायचंय, दे कुठलाबी," तर त्याला ती खुशाल समोर बोट दाखवायची, "तिकडं जावा."

समोर नितीन असायचा. नेवाशाचा, पंचविशीतला, बोलायला चुरूचुरू. साल चौऱ्याण्णव. लुनाच्या पुढंमागं नायलॉनची बंडलं लादून तो दर बाजाराला यायचा. निळे, पिवळे, हिरवे दोर असे झगझगीत दिसायचे की बैलसुद्धा वळून बघत. "हत्ती बांधा, तुटणार नाही," ही त्याची आरोळी. आणि दोर खरंच तुटत नव्हता, कुजत नव्हता, उंदीर त्याला तोंड लावत नव्हते. दोन वर्षांत लिंबाखालची गर्दी समोर गेली.

तरण्या माणसाला जिंकल्याचा एक माज चढतो, तसा तो नितीनला चढला होता. तो वाईट नव्हता. दर बाजारी दुपारी चहा मागवला की भामाबाईलाही पाठवायचा. पण चहाबरोबर टोमणा असायचाच. "मावशी, वाखाचे दिवस गेले आता. पण सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुमचा." ती हसायची आणि बशीत चहा ओतायची. एकदा तिनं त्याच्याकडं वावभर, दोन हात पसरून होतो तेवढा, नायलॉन मागितला. म्हातारीला शेळी बांधायला हवा असेल म्हणून त्यानं फुकट तोडून दिला. पुढच्या बाजारी तिनं जाड मागितला, त्याच्या पुढच्या बाजारी त्याहून जाड. नितीनला वाटलं, मावशी चटावली.

या बाईची कीर्ती त्याच्या कानावर नव्हती असं नाही. रस्त्यावरचे ट्रकवाले तिला ओळखायचे. तिच्या गावाहून बाजाराला यायला तिला एसटी कधी लागली नाही. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून तिनं हात केला की ट्रक थांबायचा. वर चढण्याआधी ती लादलेल्या मालाभोवती एक फेरी मारायची आणि दोराला बोट लावून बघायची. "ही गाठ घाटापतूर न्हाई जायाची," ती म्हणायची. एका ड्रायव्हरनं ऐकलं नाही, आणि त्याच्या कांद्याच्या गोण्या इमामपूरच्या घाटात रस्ताभर लोळल्या. तेव्हापासून तिच्याकडं कोणी भाडं मागितलं नाही. उलट तीच त्यांना दोन शिव्या हासडून गाठी बदलून द्यायची.

तेराव्या वर्षी ती लग्न होऊन आली. दोर वळायला दोन माणसं लागतात. नवरा, कारभारी, एका टोकाला पीळ भरायची चाती फिरवायचा. ती वाख जोडत जोडत मागं सरकत जायची. तोंड नवऱ्याकडं आणि पाऊल लांब. "आमचं सारं बोलनं दोरावरनं," ती सांगायची. "त्यो तिकडं रागावला का हितं दोर कडक व्हायचा." कारभारी तापानं गेला. मग शेजारणीला चातीवर बसवून तिनं धंदा चालू ठेवला. गावात लग्न निघालं की मांडव तिनंच आवळायचा, वादळ आलं तरी तो हलायचा नाही. पण नवरानवरीच्या पदराची गाठ मारायला मात्र लोक सवाष्ण शोधायचे. ज्या हाताची गाठ आभाळाला ऐकत नाही तो हात त्या घडीला अशुभ. आपल्या लोकांच्या अकलेला काय म्हणावं!

तर त्या बाजाराच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास जालिंदर ट्रॅक्टर घेऊन थेट नितीनपुढं आला. भामाबाईच्याच गावचा बागायतदार, एरवी शांत माणूस. त्या दिवशी त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं.

"चल," तो म्हणाला. "तुजा दोर बघायला चल."

पंधरवड्यापूर्वी त्यानं याच बाजारातून जर्सी गाय नेली होती आणि तिच्यासाठी नितीनकडून निळं दावं. गाय आठ महिन्यांची गाभण. पहाटे तिनं हिसका दिला, खुंटीवरची गाठ सुटली आणि चरत चरत ती मळ्यातल्या जुन्या विहिरीत पडली. पाणी वीस हात खाली. जिवंत होती, आतल्या कपारीवर पुढचे पाय टेकून, नाक वर काढून कशीबशी तग धरून होती.

"तुटला का दोर?" नितीननं घाबरत विचारलं.

"तुटला न्हाई. सुटला. आता वर काडायला जाडातला जाड काय आसंल त्ये घे. गाय मेली तर गाठ माझ्याशी हाय."

नितीननं अंगठ्याएवढ्या दोराचं अख्खं बंडल उचललं, हाताला लागला तो एक बारीकही घेतला. ट्रॉलीत चढला तर भामाबाई आधीच चढून कोपऱ्यात बसलेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

विहिरीवर गाव जमलं होतं. तीन बल्ल्यांची तिकटी उभी करून वर चाक टांगलं होतं. जालिंदरचा चुलतभाऊ गोरक्ष पट्टीचा पोहणारा. तो दोर घेऊन खाली उतरायला निघाला, तेव्हा भामाबाई पुढं झाली. "गाठ कशी मारनार, दाव बरं."

"म्हातारे, बाजूला हो," जालिंदर म्हणाला. "दावणीची गाठ आमाला कळत न्हाई व्हय?"

ती बाजूला झाली.

गोरक्षनं गायीच्या पोटाखालून दोर घेतला आणि बापजाद्यांपासून चालत आलेली गाठ मारली. दुसरं टोक चाकावरून ट्रॅक्टरच्या हुकाला. ट्रॅक्टरनं ताण घेतला, गाय पाण्यातून सुटली, पुरुषभर वर आली. आणि गाठ सरकली. एखादा साप बिळातून निघावा तसा दोर आपल्याच वेढ्यातून निघून गेला, आणि गाय धप्पकन पाण्यात. गोरक्ष वीतभर अंतरानं वाचला. दगड धरत तो जो वर आला, तो काठावरच बसला. "म्या न्हाई जायाचा आता," एवढंच म्हणाला.

नितीननं रिकामा दोर हातात घेतला. एक तंतू तुटला नव्हता. हत्ती बांधा म्हणून तो दोन वर्षं ओरडत होता, ते अक्षरन् अक्षर खरं होतं. आणि खाली गाय बुडत होती. शेकडो दावी त्यानं विकली होती, आणि त्यातलं प्रत्येक दावं खुंटीला वाखाच्याच गाठीनं बांधलेलं असणार.

जालिंदरची आई, आक्काबाई, काठावर बसून होती. ती म्हणाली, "भामे, आता तूच बघ बाई."

भामाबाई उठली. तिनं नितीनच्या हातातला दोर घेतला, बोटांतून फिरवला. "दोर चांगला हाय रं तुजा," ती म्हणाली. "लई चांगला. पन वाख खरबरीत, त्यो गाठीत आपला आपल्याला धरून ऱ्हातो. ह्यो गुळगुळीत. ह्याला येक येढा जास्ती लागतो, आन शेपूट लांब ठिवावं लागतं. मी दीड वरीस ह्याच्याशीच भांडतीया."

तेव्हा नितीनला कळलं, ते वावभर तुकडे कुठं गेले. आपल्या पोटावर पाय देणाऱ्या दोराचा स्वभाव ही बाई रोज घरी बसून शिकत होती. आपण तिला चहा पाजत होतो आणि वर अक्कल शिकवत होतो. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

भामाबाईनं लुगडं वर घेतलं, काष्टा घट्ट खोचला. बारीक दोराची दोन वेढ्यांची बैठक करून मांड्यांत घातली, कमरेला गाठ घेतली. वय साठीच्या पुढं. कोणी "अगं पण" म्हणायला लागलं, तिकडं तिनं पाहिलंही नाही. काठावर मोटेच्या काळातला दगडी खांब होता. दोराचे दोन वेढे तिनं त्याच्याभोवती घेतले आणि उरलेलं टोक नितीनच्या हातात दिलं.

"त्याच्याकडं कशाला?" जालिंदर म्हणाला. "मी धरतो."

"दोर त्याचा हाय. त्यालाच धरू दे."

याच विहिरीचं पाणी भामाबाईच्या सासूला ओंजळ पुढं करून, वरून ओतून घ्यावं लागायचं. आक्काबाईला ते ठाऊक होतं, भामाबाईलाही. त्या दिवशी दोघींपैकी कोणी तो विषय काढला नाही. भामाबाई काठावरून मागं कलली आणि भिंतीला पाय लावत खाली उतरू लागली.

नितीन दोर सोडत होता. सबंध बाईचा भार, पण त्या दोन वेढ्यांमुळं त्याच्या हाताला पाण्याच्या बादलीएवढासुद्धा लागत नव्हता. दोन वर्षं दोर विकून त्याला हे माहीत नव्हतं. मान काढली की खाली दिसत होतं. ती कपारीवर उतरली, कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली आणि आधी गायीच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी बोलली. तडफडणारी गाय शांत झाली. मग तिनं वरून गोणपाटं आणि जाड दोर मागवला. एक वेढा पुढच्या पायांमागं, एक कासेच्या पुढं, दोन्हींखाली गोणपाट, आणि दोन्ही वेढे सरकू नयेत म्हणून बाजूंनी एकमेकांना बांधलेले. गाठ अशी हवी होती की सुटायची नाही आणि आवळायचीही नाही; आवळली तर पोटातलं वासरू गेलं. पाण्याखाली, न बघता, ती नुसत्या बोटांनी गाठी मारत होती. प्रत्येक गाठीला तो एक जास्तीचा वेढा. शेवटी दोराला स्वतः लोंबकळून तिनं ताण बघितला.

"लावा हुकाला," खालून आवाज आला.

नितीन ओरडला, "मावशी, आधी तुम्ही वर या! गाठ सुटली तर?"

"गाय गरागरा फिरंल, दगडावर पोट आपटंल. खाली कोनीतरी धराया पायजे." वेढ्याखालचं गोणपाट सारखं करत ती म्हणाली, "आन सुटंल आसं वाटलं आसतं, तर म्या हितं थांबले आसते व्हय?"

ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं पुढं सरकला. दोर करकरला, त्यातून पाणी पिळून निघालं. गाय उचलली. पाय लोंबकळत, शेपूट गळालेलं, ते सगळं धूड भामाबाईच्या डोक्यावर आलं आणि ती खालून दोन्ही हात वर करून त्याला भिंतीपासून ढकलत राहिली. हात पुरेनासे झाले तरी ती हात वर करूनच उभी होती. नितीननं आयुष्यात देवळं पाहिली होती, जत्रा पाहिल्या होत्या, पण असं काही पाहिलं नव्हतं. सहासात माणसांच्या वजनाचं जनावर एका बाईच्या बोटांनी मारलेल्या गाठीवर लटकत होतं आणि त्याच्याखाली तीच बाई उभी होती. त्याची नजर गाठीवरून हलेना. गाठ तसूभर सरकली नाही.

गाय काठाशी आली. दहा जणांनी तिला बाजूला ओढून घेतलं. गुडघ्यांवर पडली, धडपडली आणि चारी पायांवर उभी राहिली. जालिंदरनं तिच्या पोटाला हात लावला. आत वासरू हललं असावं, कारण तो मोठा बाप्या तिच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. सगळं गाव गायीभोवती गोळा झालं.

विहिरीत भामाबाई होती. तिच्या दोराचं टोक धरून नितीन खांबापाशी एकटाच उभा होता. एकट्याला ओढता येईना आणि सोडायचा तर प्रश्नच नव्हता. त्यानं हाक मारली. त्या गलक्यात कोणाला ऐकू गेली नाही. मग आक्काबाई उठली. तिनं दोर धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मेल्यांनो, बाई आत हाय अजून." तशी माणसं धावली.

भामाबाई वर आली. कोपरं खरचटली होती, दात वाजत होते. कोणी घोंगडी टाकली, कोणी पाया पडलं. कमरेची गाठ तिनं शेपूट ओढून एका हिसक्यात सोडली. दोर गळून पडला.

नितीन मात्र खांबाला टेकून तसाच उभा होता, टोक दोन्ही मुठींत गच्च. दोराला आता कोणीच नव्हतं. भामाबाई त्याच्याजवळ गेली आणि आपल्या गार पडलेल्या हातांनी त्याची बोटं एकेक करून उलगडू लागली. तिला वर ओढताना त्याचे तळवे सोलून निघाले होते.

"सोड की रं आता," ती म्हणाली. "आले म्या वर."