मले कायले घेतलं

मार्चमधला पहिला रविवार, दुपार. ठिकाण: तुमसरची आमची अभ्यासिका. हजर: मी, म्हणजे अभ्यासिका सांभाळणारी, नाटकात कामं केलेले गुरुजी, बँकेतून निवृत्त झालेले काका, आणि ती, आमच्याकडे अभ्यासाला येणारी बारावीची मुलगी. शिवाय दाराजवळच्या बाकावर तिची आई. आईला बोलावलं नव्हतं. डबा द्यायला आली आणि थांबली.

तालीम सुरू करण्याआधी तिने नेहमीप्रमाणे ओढणीचं टोक कमरेला खोचलं, जणू आता धान रोवण्यासाठी चिखलातच उतरायचं आहे, आणि म्हणाली, "त्यात काय जी?"

हे तिचं वाक्य. सायकल पंक्चर झाली म्हणून गावाहून चालत आली, त्यात काय जी. बारावीच्या सराव परीक्षेत पहिली आली, त्यात काय जी. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या तोंडून सुख आणि दुःख एकाच भावात निघतं. कौतुक करायला जावं तर हाती काही लागत नाही. कीव करायला जावं तरी तेच.

पंचाईत अशी, की पुण्याकडच्या एका नामांकित विद्यापीठाला तिचं दुःख हवं होतं. तिथे जागा मोजक्या, पण निवड झाली की शिकणं-राहणं फुकट. त्याखेरीज तिचं बाहेर शिकायला जाणं होणारच नव्हतं. गुण भरपूर होते. पण अर्जात प्रश्न होता: आयुष्यातल्या कोणत्या मोठ्या अडचणीवर तुम्ही मात केली? आणि त्यानंतर मुलाखत.

मला कामाचे तुकडे पाडायची सवय आहे. अभ्यासिकेच्या फळ्यावर माझी कामं लिहिलेली असतात. झालं की रेघ. मी तिला म्हटलं, सोपं आहे. दहावीनंतर तुझं एक वर्ष गेलं, ते कशात गेलं तेवढं लिही.

ते वर्ष आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वरठीच्या रस्त्यावर अपघातात तिचे वडील गेले आणि आईने बोलणं सोडलं. उठायची, जेवायची, पण तोंडातून शब्द नाही. ही शाळा सोडून घरी बसली. स्वयंपाक, धाकटा भाऊ, धानाच्या शेताच्या दोन बांध्या, सगळं हिच्यावर.

तिने लिहून आणलं, "त्या वर्षी मी घरी होते."

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय? घरीच होती जी."

आईबद्दल लिही म्हटलं, तर तिने वहीच मिटली. मग म्हणाली, "आई बरी झाली आता. तिले काहून अडचण म्हणू?"

मी प्रश्न काका आणि गुरुजींपुढे ठेवला. काकांचं म्हणणं, दुःख सांगून मिळालेली जागा जन्मभर टोचते, गुण आहेत तेवढे पुरे. गुरुजींचं नेमकं उलट. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईच्या जत्रा भरतात, त्यांत गावोगावी त्यांची नाटकं गाजलेली. ते म्हणाले, "पहिल्या अंकात कोणी मेलं नाही, तं लोक शेंगा खात बसतात." मी दोघांनाही मान डोलावली. शेवटी माझ्या आग्रहाने तिने अर्जात चार ओळी लिहिल्या. वडील गेले, आई आजारी होती, घर सांभाळलं, पुन्हा शाळेत गेले. मुलाखतीचं बोलावणं आलं.

म्हणून त्या रविवारी तालीम होती. कुठे थांबायचं, कुठे नजर खाली करायची, हे गुरुजींनी तिला आधीच शिकवून ठेवलं होतं. त्यांच्या एका नाटकात तिने बहिणीचं काम केलेलं, त्यामुळे शिकवायला वेळ लागला नाही. मी प्रश्न विचारला आणि ती बोलू लागली. बातमी आली तेव्हा चुलीवर काय होतं, आई भिंतीकडे तोंड करून कशी बसायची. आवाज कापला, डोळे वाहू लागले. काकांनी, दुःख नको म्हणणाऱ्या काकांनीच, चष्मा काढून पुसला. मीही पेन खाली ठेवलं.

तिने ओढणीने तोंड पुसलं आणि शांतपणे विचारलं, "जमलं का जी?"

आता जे पाहिलं ते खरं होतं की तालीम, कोणालाच सांगता येईना. तेवढ्यात बाकावरून आई म्हणाली, "तवा तं नाही रडली हे एवढी."

ही तक्रार होती की कौतुक, मला अजून कळलेलं नाही. आईने डबा उघडला आणि सगळ्यांच्या हातावर बेसनाची एकेक पातोडी ठेवली.

मुलाखत संगणकावर झाली, अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत, दार लावून. आम्ही तिघं बाहेर. आतून हसण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

गुरुजींचा चेहरा उतरला. "हासून राहिले," ते म्हणाले. "गेलं काम."

ती बाहेर आली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी त्याच वर्षाबद्दल विचारलं. रडायची जागा आली आणि हिला आईचं तालमीतलं ते वाक्य आठवलं. मग हिने दुसरंच सांगितलं. रोवण्याचा दिवस, ही बायांबरोबर चिखलात, आई कडेच्या धुऱ्यावर मुकाट बसलेली. हिची रोपं फार खोल जात होती. आई पाहत होती, पाहत होती, आणि मग लुगडं खोचून बांधीत उतरली. इतक्या महिन्यांनी तिच्या तोंडून पहिलं निघालं ते असं: "लावून राहिली का गाडून राहिली, पोरी?" बाया हसत सुटल्या. मग आईही.

"आणि मात?" गुरुजींनी विचारलं. "अडचणीवर मात केली ते सांगितलं नाही?"

"ते तं आईनं केली जी."

निवड झाली. पत्रात अभिनंदन होतं, वसतिगृहाचे नियम होते, सोबत काय आणायचं ते होतं. का घेतलं, ते कुठेच नव्हतं. काका म्हणाले, गुणांवर. गुरुजी म्हणाले, अर्जातल्या चार ओळींवर. ती तुमसर रोड स्टेशनहून गाडीत बसली तेव्हाही दोघं वाद घालत होते.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. आवाजात ते 'त्यात काय जी' नव्हतं.

"मॅडम, इथं सगळ्यायजवळ एकेक दुःख आहे. ओळख देतानाच सांगतात. कोणाकोणाचं तं माझ्याहून लई मोठं. मंग मले कायले घेतलं? आईच्या त्या दिवसायसाठी घेतलं असंन, तं तिले सांगा लागंन ना. तालमीत तिनं ऐकलं, पण मी अर्जात तिले आजारी लिहिलं, ते तिले माहीत नाही." मग म्हणाली, "तुम्ही विचारा न त्यायले. तुमच्या पत्राले लोक उत्तर देतात."

मी हो म्हटलं. फळ्यावर लिहिलं: पुण्याला पत्र.

लिहायला बसले की अडते. काय विचारू? वडील गेले त्याचे किती गुण दिले, आई बोलली त्याचे किती? आणि त्यांनी खरंच सांगितलं तर ते मी कोणाला कळवू? यंदा अर्ज भरणारी एक मुलगी परवा काळजीने म्हणाली, मॅडम, आमच्या घरी काही झालंच नाही, मी काय लिहू? तिलाही मी उद्या सांगते म्हटलंय.

बाजाराच्या दिवशी तिची आई अजून येते. डबा नसतो आता. भाजीची पिशवी पायाशी ठेवून दाराजवळच्या बाकावर बसते आणि समोरचा फळा वरपासून खालपर्यंत वाचते. 'पुण्याला पत्र' सोडून बाकी सगळ्यावर रेघा.

"हे एक राहिलंच का जी?" ती विचारते.

"राहिलंय," मी म्हणते.