तिसरी भाकर

आमच्या घरात भाकरीचा एक नेम होता. तव्यावरची पहिली भाकर दादाच्या ताटात, दुसरी शेजारच्या पोराच्या आणि तिसरी माझ्या. शेजारचा म्हणजे मधल्या भिंतीपलीकडचा, दादाच्याच वयाचा, दिवसभर आमच्या ओसरीवर पडीक. माझ्या मायला तो मोठीमाय म्हणायचा. मी चिडायचे, "पोटची मी हाय ना गं?" तर माय म्हणायची, "दुसऱ्याचं लेकरू हाय, त्याला वाट बघायला लावू ने." माझं पोट तेव्हापासून दुखतं. खोटं कशाला बोलू?

त्याच पोरानं पुढं माझ्या दादाला मारलं. दोघांचीही लग्नं झालेली, रानं एकमेकांना लागून. पांदीच्या वाटेवरून भरदुपारी बोलाचाली झाली. शेतात दोघंच होते. त्यानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, दादाच्या डोक्यात घातलं आणि पळून गेला. दिवस मावळायच्या आधी पोलिसांनी धरला. परभणीच्या कोर्टात त्याला जन्मठेप झाली, तेव्हा मी आवारातच बोंब ठोकली, "फाशी का न्हाई?" वकील समजावायला लागला, "ताई, रागाच्या भरात घडलेलं आहे, अशाला फाशी होत नसते." रागाच्या भरात म्हणे! मला तर रोज राग येतो. मी फोडलं का कुणाचं डोकं?

घरात एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. बापू म्हणायचे, जिवाला जीव गेला पाहिजे, त्याशिवाय पोराचा आत्मा शांत व्हायचा नाही. वहिनी म्हणायची, "फाशीनं सुटंल की तो! जगू द्या. रोज उठल्याबरुबर याद आली पाह्यजे त्याला." माय काहीच म्हणायची नाही. बापू गेले, तेही फाशी फाशी करतच गेले, तरी ती गप्पच. तिच्या त्या गप्प बसण्यानं माझं डोकं उठायचं.

मग बऱ्याच वर्षांनी त्याची आई वारली. मी परभणीत दिलेली. वहिनीचा फोन आला की तो पॅरोलवर घरी आलाय, मायच्या मनात काय हाय कळंना, तुमी या. मी पालमची एसटी धरली. गाडीत कुणाच्या तरी मोबाईलवर फाशीचीच बातमी चाललेली. एक पांढऱ्या टोपीवाले बाबा म्हणाले, "माणसानं माफ करावं, देव बघून घेतो." मी म्हणाले, "तुमच्या घरचं गेलंय का कोणी?" बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी पोचले तर माय चुलीपुढं. फडक्यात भाकरी बांधलेल्या, डब्यात वरण.

"कुणाला गं हे?"

"शेजारी कडू घास न्यायचाय."

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकर-वरण नेतात आणि घरच्यांना बळंच भरवतात. तोच कडू घास. दादा गेला तेव्हा चार बायांनी मायला धरून भरवलं होतं, वहिनीला भरवलं होतं. मी खांबाला टेकून बसले होते. माझ्यापाशी कुणी आलं नाही. बहिणीला काय, ती परक्या घरची! मायनंही माझ्याकडं मान वळवून बघितलं नाही.

आणि आता त्याच्यासाठी भाकरी! गल्लीतून एक माणूस त्या घरी गेला नव्हता. मी दारात आडवी झाले. "लोक थुकतील तोंडावर. लाज हाय का काही?" मायनं मला हातानं बाजूला सारलं आणि गेली. मी मागोमाग गेले.

तो भिंतीला टेकून बसला होता. केस पिकलेले, अंगात काही उरलेलं नाही. मायला बघून उठायला लागला. तिनं खांद्याला धरून खाली बसवला, भाकर कुस्करली, वरणात भिजवली आणि घास त्याच्या तोंडापुढं धरला. तो रडायला लागला. "मोठीमाय, नको." तिनं घास तोंडात घातलाच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय सांगू, त्या वेळी मला दादाचं दुःख नव्हतं. तो हात माझा होता, एवढंच डोक्यात होतं.

त्यानं घास गिळला. मग मायनं विचारलं, "जाताना त्यानं पाणी मागितलं का रे?"

त्यानं हातानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "मागितलं. मी पळालो."

मला वाटलं, आता ही डबा त्याच्या डोक्यात घालते. मायनं डोळे मिटले. उघडले. भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि त्याला भरवला.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "माझा भाऊ पाणी पाणी करत गेला, आन् तू त्याला भरवायलीस? माफ केलंस व्हय त्याला?"

"माफ-बिफ मला कळत न्हाई," माय म्हणाली. "माझं लेकरू कसं गेलं, ते इचारायचं व्हतं. फाशी दिली असती तर कोणाला इचारलं असतं?"

"मी मेले व्हते का? माझ्यापाशी बोलायचं. मीबी त्याचीच बहीण हाय."

"तुला काय ठावं? तू व्हतीस का तिथं?"

मी नव्हते. तो होता. फाशीच व्हायला पाहिजे होती, हे मी आजही म्हणते, आणि ते सगळं दादासाठीच म्हणते असं मला छातीठोक सांगता येत नाही.

संध्याकाळी मायनं पुन्हा तवा ठेवला. पहिली भाकर दादाच्या फोटोपुढं ठेवली. दुसरी फडक्यात बांधली, शेजारच्या घरासाठी. तिसरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "जेव."