जैसवर अनवाणी

केरू भांगरेची आठवण आली की मला आधी आमच्या मॅनेजरचा राग येतो, मग स्वतःचा. स्वतःचा जास्त.

केरू अकोले तालुक्यातला, कळसूबाईच्या पायथ्याचा. अमिरातीतल्या रास अल खैमाच्या जेबेल जैस डोंगरात दगड कोसळून रस्त्यावर येऊ नयेत म्हणून कड्यांना लोखंडी जाळ्या ठोकायचं आमच्या कंपनीचं काम. दोरावर लटकून ड्रिल मारणाऱ्यांत केरू सगळ्यात तरबेज. मी ग्लेन डिमेलो, वसईचा, त्याच साइटवर सेफ्टी ऑफिसर. लोकांचे हेल्मेट, पट्टे, बूट तपासायचा पगार घेतो. इथे येण्याआधी केरू मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहून दुबईतल्या टॉवरच्या काचा पुसायचा. "दिवसभर काचेत आपलंच तोंड बघायचं, साहेब. डोंगर मिळाला तेव्हा जिवात जीव आला," असं म्हणायचा. डोंगर सुटला की परत काचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मार्चमध्ये अमिरातीच्या हद्दीतल्या सगळ्यात उंच टोकावर मोजणीचा खांब रोवायचं काम आलं. रस्ता संपतो तिथून पुढे नुसते सुटे दगड. मॅनेजर खाली एसी लावून गाडीत बसला. आम्ही सहा जण सिमेंट आणि पाणी पाठीवर घेऊन निघालो. मी दर दहा पावलांवर धापा टाकत होतो, शेवटी माझी बॅगही केरूनेच घेतली.

"आमच्या कळसूबाईपेक्षा उंच का हो?"

"अडीचशे मीटरने."

"म्हणजे थोरली बहीण," तो म्हणाला.

टोक दहा पावलांवर राहिलं तेव्हा तो खाली बसला, सेफ्टी शूज काढले, मोजे आत कोंबले आणि तापलेल्या दगडांवरून अनवाणी वर गेला. हात जोडले. तिथे ना देऊळ, ना शेंदूर. पण त्याच्या गावचा माणूस शिखरावर देवीसमोर पायात काही ठेवत नाही. मला भरून आलं. आणि मी मूर्खासारखा सगळ्यांचा फोटो काढून कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

तासाभरात मॅनेजरचा फोन. "ग्लेन, ये नंगे पैर कौन है? क्लायंट ने देख लिया. टर्मिनेट करो, यल्ला, जल्दी!"

माझं डोकं फिरलं. हाच माणूस महिन्यापूर्वी पाहुण्यांना सँडलवर, बिनहेल्मेटचं, कड्याच्या काठाशी सेल्फी काढायला घेऊन गेला होता. तो फोटो फ्रेम करून ऑफिसच्या भिंतीवर लावलाय. मी फोनवरच ते सुनावलं. मग त्याचा सूर जरा उतरला. केरूने निष्काळजीपणा झाला असं लिहून दिलं तर वॉर्निंगवर भागेल. मुद्दाम काढले म्हणाला तर खलास.

साइटवरच्या कंटेनर ऑफिसात केरूला मी हे सगळं समजावलं. तो एकदम भडकला. तीन वर्षांत त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"निष्काळजीपणा कसला? बूट काय आपोआप गळून पडले? मी आईपुढे काढलेत. मुद्दाम काढले असंच लिहा."

"केरूभाऊ, परत काचा पुसायला जाल."

"पुसेन. पण खोटं नाही लिहायचं. लिहा."

फॉर्म इंग्रजीत होता. केरूला इंग्रजी वाचता येत नाही. मी लिहिलं, कामगाराचं लक्ष नव्हतं, निष्काळजीपणा त्याला मान्य आहे.

"मी बोललो तसंच लिहिलंत ना?"

"हो," मी म्हणालो.

त्याने एकेक अक्षर जपून काढत सही केली.

नोकरी राहिली. आठवड्याने जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. खुशीत होता.

"बघा साहेब, तुम्ही उगाच घाबरत होता. खरं लिहून दिलं तरी ठेवलंच ना मला? मी घरी फोन करून सांगितलं, आमचा मॅनेजर माणूस चांगला आहे म्हणून."