पाया पडणारा ट्रम्पेटवाला

साक्री तालुक्यातला सगळ्यात फेमस ट्रम्पेटवाला आज सकाळी गेला.

त्याला ट्रम्पेट वाजवता येत नव्हता.

हे मी छातीठोक सांगतो, कारण तो ट्रम्पेट मी वाजवायचो.

सुपडू आमच्या बँडमध्ये भरतीला होता. ज्यांना आतली गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: लग्नवाले मोठा बँड मागायचे आणि वाजवणारे असायचे निम्मे. उरलेल्यांना गणवेश घालायचा, हातात वाद्य द्यायचं आणि गाल फुगवायला सांगायचं.

सुपडूसारखे गाल कोणी फुगवत नसे. हे मान्य करावंच लागेल.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याच्या एका बँडने व्हिडिओ कॅसेट काढली आणि आमची गिऱ्हाइकं तिकडे पळाली. आमचे बँडमास्तर आबा म्हणाले, लग्नसराईच्या आत आपली कॅसेट आली नाही तर हे गणवेश बुजगावण्यांना घालू.

मग धुळ्याहून फोटो स्टुडिओवाले नाना आले. खांद्यावर हा एवढा कॅमेरा.

आम्हाला खळ्यावर उभं करून, दोन्ही हातांची चौकट डोळ्यांपुढे धरून ते शॉट ठरवायला लागले. आधी लाँग शॉट, बँड वाजवत खळ्यावर येतो. मग बैलगाडीत कॅमेरा ठेवून ट्रॉली शॉट. शेवटी क्लोजअप.

क्लोजअप म्हटल्यावर जुंपली. ढोलवाला म्हणे माझा आधी. आबा म्हणे वयाप्रमाणे घ्या. नाना म्हणाले क्लोजअप एकच, ट्रम्पेटचा. आणि मला वाजवून दाखवायला सांगितलं.

आता, मी वाजवायला लागलो की माझे दोन्ही डोळे गच्च मिटतात आणि मान वाकडी होते. आमची मंडळी अजून म्हणते, दाढ काढताना तुम्ही ह्याच्यापेक्षा बरे दिसता.

नानांनी कॅमेरा खाली केला.

"वाजवतो झकास. पण तू दिसू नको."

झालं. नवा प्लॅन ठरला. त्या कॅमेऱ्यात आवाज आणि चित्र एकदमच भरलं जायचं, म्हणून सुपडू समोर आणि मी त्याच्या मागे, कडब्याच्या गंजीआड. माझं डोकंच फिरलं होतं. पण आबांनी हात जोडले, मग काय करता.

ट्रॉली शॉट तर गेलाच. ढोलावर पहिली थाप पडली आणि बैल उधळले. त्या शॉटमध्ये नानांची चप्पल आणि आभाळ एवढंच आलं. आता सगळी भिस्त क्लोजअपवर.

मी गंजीआड जीव तोडून वाजवतोय, नाकात कुसळ. समोर सुपडू भुवया उडवतोय. आणि बांधावरून आले सुपडूचे सासरे.

सुपडूने तोंडाचा ट्रम्पेट काढला, खाली ठेवला, पुढे गेला आणि वाकून पाया पडला.

मला गंजीआड काय दिसणार? मी वाजवतच राहिलो. नानांना वाटलं, काय ॲक्शन देतोय गडी. त्यांनीही कॅमेरा थांबवला नाही.

दोन दिवसांनी आबांच्या ओट्यावर टीव्ही लावून पाहिलं. ट्रम्पेट जमिनीवर पडलेला, सुपडू सासऱ्यांच्या पायावर आणि तान आपली जोरात चालू.

आबांनी कपाळाला हात लावला. परत शूटिंग करायला वेळ नव्हता, नाना लग्नांच्या ऑर्डरीत अडकले होते. कॅसेट तशीच गेली. आम्ही ठरवून टाकलं, जिल्हाभर हसं होणार आणि बँड बंद.

काही झालं नाही हो!

गावोगावी कॅसेट फिरली. जमिनीवरचा ट्रम्पेट एकालाही दिसला नाही. सगळ्यांना दिसलं एकच: एवढा मोठा कलाकार, शूटिंग चालू, तरी सासऱ्याच्या पाया पडला. याला म्हणतात संस्कार.

मुलींचे बाप ती कॅसेट जावयांना मुद्दाम दाखवायचे.

बुकिंगवर बुकिंग. अट एकच, "तो पाया पडणारा पाहिजे."

तेव्हापासून प्रत्येक वरातीत सुपडू पुढे आणि मी त्याच्या पाठीमागे. हार त्याच्या गळ्यात पडायचा. टेम्पोमागे गेलो की तो तोच हार काढून माझ्या गळ्यात घालायचा. पंगतीत मला बसवल्याशिवाय स्वतः कधी बसला नाही.

मी तरी कुरकुरायचो. इतकी वर्षं कुरकुरलो. एकदा चिडून म्हटलं, सुपडू, तू करतो तरी काय रे?

घाम पुसत, खरोखर धापा टाकत म्हणाला,

"भाऊ, फुकस तू, पन दम माले लागस."

बँड बंद होऊन जमाना झाला. आज मात्र त्याच्यासाठी आम्ही जुने चौघे जमलो. अंत्ययात्रेत मी पुढे उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा. समोर कोणाची पाठ नव्हती, तर पाय कुठे टाकावा तेच कळेना.

कवळी सांभाळत एक भजन वाजवलं. नेहमीसारखे डोळे गच्च मिटले. आज ते बरंच झालं.

संपल्यावर एक म्हातारबाबा जवळ आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"चांगलं वाजाडं. पन सुपडूसारखं नही."

मी म्हटलं, खरं शे, बाबा.

सुपडू, आज फुंकलं मी आणि दमही मलाच लागला.

जा आता सुखाने. राम राम.