जाईची बाटली, गुलाबाची बाटली

भिलाईच्या धुराला आजवर एकाच माणसाने हरवले आहे: चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतले आमचे शेजारी, गार्डकाका. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभे राहून आयुष्य काढलेला हा भरघोस मिशांचा माणूस गोड फुलांचा, बायकी समजला जाणारा सेंट लावत असे. तोही इतका, की कोळशाच्या वाघिणींमागून बाग चालत येत असल्याचा भास व्हावा. "गाडी सिग्नलले उभीच रायते अन् ह्यायचा सेंट घरी येऊन जेवाले बसते," असे काकू म्हणत. गणवेशाला सेंट, रुमालाला सेंट, हिरव्या झेंडीलाही सेंट. एका तरुण सहकाऱ्याने "काका, ये तो लेडीज वाला है" असे हसत सुचवले, तेव्हा काकांनी शांतपणे विचारले, "फुलाले सांगतलं का तू?"

या हौसेमागे धोरण होते. काकांच्या आजोबांच्या वाट्याला विदर्भातल्या गावात मेलेली गुरे ओढण्याचे काम होते, आणि लोक त्यांच्याशी नाक दाबून बोलत. "म्या ठरवलं," काका सांगत, "आपल्या घरचा माणूस आला का लोकायनं लंबा श्वास घेतला पाहिजे." मी रसायनशास्त्राकडे वळले त्यात या वाक्याचा वाटा किती, हे मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही.

निवृत्तीच्या सत्काराला काका प्रथमच मंचावर बसणार होते. कपाटात दोनच बाटल्या उरल्या होत्या, एक जाईची, एक गुलाबाची. दोन्ही तरुणपणी नागपूरहून आणलेल्या, आता कुठेही न मिळणाऱ्या, आणि दोन्हींच्या तळाशी जेमतेम एका समारंभापुरता ऐवज. कोणती लावावी, याखेरीज घरात दुसरा विषय उरला नाही. सत्काराच्या दिवशी काकू वैतागल्या: "त्या पोरीले विचारा. पीएचडी करून राहिली, काही तं कामाची असन."

मी गाळणकागदाच्या पट्ट्या कापल्या, थेंब टाकले, हुंगले, थांबले, पुन्हा हुंगले. निष्कर्ष निःसंदिग्ध होता. जाई आंबली होती. गुलाब शाबूत होता.

"काका, गुलाबच लावा."

काकांनी दोन्ही पट्ट्या हुंगल्या, मान डोलावली आणि जाईची बाटली शर्टावर रिकामी केली.

"काका, मी उलटे सांगितले."

"समजलं ना बेटा. चांगली कोणती, ते पक्कं करालेच तुले बोलावलं." त्यांनी गुलाबाचे बूच घट्ट दाबले. "तू डॉक्टर झाली का सत्कार तुहा होईन. मी पयल्या रांगेत बसन. त्या दिवशी आंबट चालन का?"

"अन् आज चालते?" काकू म्हणाल्या.

"आज मीच हावो ना."

त्या संध्याकाळी मंचावरच्या जाईला लोणच्याची झाक होती. काका मात्र असे ताठ बसले होते, की हार घालणाऱ्या साहेबांनाच खांदे सरळ करावे लागले.

गुलाबाची बाटली अजून त्यांच्या कपाटात आहे. जुन्या बुचातून सुगंध रोज थोडा थोडा उडत असतो, हे मला ठाऊक आहे. काकांना मी ते सांगितलेले नाही. प्रयोगशाळेत मी सर्वांच्या आधी येते आणि सर्वांनंतर निघते. माझ्या मार्गदर्शकांना ती महत्त्वाकांक्षा वाटते.